तीन निरगाठी, एक सुरगाठ

११ एप्रिल

प्रिय टिपकागद,

तुझ्या लायब्ररीत म्हणे चाळीस हजार पुस्तकं आहेत आणि कुठलंही मागितलं तरी तू डोळे मिटून जागेवरून काढून देतेस. मग एक आजी होती, ती कुठल्या कपाटात ठेवलीस ते आठवतंय का बघ. प्रत जुनी आहे, कणा जरा सैल झालाय, पण पानं सगळी शाबूत. तीन उन्हाळे झाले, कुणी बाहेर काढलेली नाही. धूळ मीच झटकून घेते.

हे लिहितोय तो खालच्या मजल्यावरचा पेंटर. मी सांगते, तो लिहितो. तू ओळखतेस त्याला, लहानपणी त्याच्या हिरव्या रंगाच्या डब्यात तू माझी चप्पल बुडवली होतीस. आयुष्यभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता पाट्या मशीन छापतं, म्हणून तो मोकळा आहे. अक्षर देखणं आहे म्हणतात. मला काय, मला सगळी अक्षरं सारखीच देखणी. पण हात पाट्यांना सरावलेला, त्यामुळे चार ओळींत पान संपतं आणि दर दोन शब्दांनी विचारतो, "मावशी, याला सावली काढू का?" तेव्हा पाकीट जाड लागलं तर आजीने फार काही सांगितलंय असं समजू नकोस.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि मागे शिक्के मारल्याचा आवाज येतो. कागदाचं तसं नाही. कागद तू टाकणार नाहीस, तुझा धंदाच कागद सांभाळायचा आहे. दोरा असता तर गोष्ट वेगळी. पेंटर, हे शेवटचं लिहू नकोस.

लिहिलंस ना? बरं, राहू दे.

सांगायचं एवढंच की मी यंदा गच्चीवर टोमॅटो लावलेत. तू तीन वर्षांपूर्वी माझ्या कपाटात ज्या बाटल्या लावून गेलीस, त्यातलीच ती टोमॅटोच्या बियांची बाटली. तुझी चिठ्ठी अजून तिच्यावर आहे, पेंटर म्हणतो चिकटवलीय अगदी सरळ. बाटलीत होतं ते सगळं बी पेरलं, एक ठेवलं नाही. का, ते विचारू नकोस. बी तीन वर्षांचं झालं होतं आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंती उन्हाळ्यात हाताला पोळतात. यंदा नाही पेरलं तर पुढच्या वर्षी त्या बाटलीचा खुळखुळा करायचा, एवढाच उपयोग. शंभरावर बिया होत्या, एक्केचाळीस उगवल्या. तेलाचे डबे, कान तुटलेली बादली, जुन्या कपाटाचे दोन खण आणि ज्या टबात मी तुला आंघोळ घालायची तो टब, सगळे कामाला लावलेत. टबातली रोपं सगळ्यांत दांडगी आहेत. तूही त्यात बसलीस की अशीच पाय पसरायचीस.

यात तुझा काही संबंध नाही. नुसतं कळवलं.

आजी


२६ एप्रिल

टिपकागद,

पत्राचं उत्तर आलं नाही. लायब्ररीत असंच असतं का? पुस्तक नेणाऱ्याने वेळेत परत केलं नाही तर तुम्ही त्याचं नाव फळ्यावर लिहिता असं तू सांगितल्याचं आठवतं. पेंटरकडे फळा आहे.

इकडे ऊन असं पेटलंय की पेंटर ब्रश बुडवून भिंतीपर्यंत नेतो तोवर रंग वाळतो. रेडिओवरची बाई रोज सांगते, कारण नसताना घराबाहेर पडू नका. मला कारण आहे. नळाला पाणी पहाटे तासभर येतं. तेवढ्यात सगळी भांडी भरायची, मग बारा पायऱ्या चढून गच्चीवर. सकाळी उन्हाच्या आधी एक पाणी, बुंध्याशी, पानांवर एक थेंब नाही. मग वाळक्या पाल्याचा थर सारखा करायचा, बगलेतले फुटवे खुडायचे, काठ्यांना चिंध्या बांधायच्या. वर जुन्या चादरींचा मांडव घातलाय. त्यातली एक तुझी, बदकांची. बदकांची सावली टोमॅटोवर पडते, बघण्यासारखी.

तेलाचे डबे तापून मुळं शिजायला लागली, म्हणून पेंटरने सगळे डबे पांढरे करून दिले. काम चोख केलं, पण सवय जाते थोडीच. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक डब्यावर लाल रंगात काहीतरी लिहिलेलं, सावलीसकट.

"हे काय?"

"टोमॅटो लिहिलंय, मावशी."

"इतक्या वेळा?"

"ओळखू यावेत म्हणून."

मी म्हटलं, टोमॅटो आहेत हे मला ठाऊक आहे, कुठला टोमॅटो ते लिही. तर ब्रश घेऊन डब्याभोवती फिरून बघत राहिला. मग पुसून टाक म्हणून सांगितलं.

आता एक गंमत. सगळी इमारत ऊन उतरू दे म्हणून हात जोडतेय, आणि मी चहाचा कप घेऊन गच्चीच्या दारात बसते आणि मनात म्हणते, अजून तापू दे. पेंटरला सांगितलं तर त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तुलाही चक्रम वाटेन. पण मला हे ऊन हवंय. कुणाला तरी वाचता आलं पाहिजे ना.

आजी


९ मे

टिपकागद,

तुझं पत्र आलं. पेंटरने दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा ते सुरू व्हायच्या आतच संपलं. चार ओळी. त्यातल्या तीन माझ्या रक्तदाबाच्या. चौथी ही: "आजी, एवढ्या उन्हात गच्चीवर कशाला जातेस, बाजारात टोमॅटो मिळतात."

मिळतात. बाजारात टोमॅटो मिळतो. पण माझ्याकडे एक टोमॅटो नव्हता, तीन होते.

पेंटर, नीट बस. आज पानं लागणार आहेत. आणि सावल्या काढू नकोस.

माझा बियांचा पत्र्याचा डबा तुला आठवत असेल. झाकणावर घोडा होता. त्यात पुड्या असायच्या आणि प्रत्येक पुडीला दोरा. लाल दोरा म्हणजे टोमॅटो, निळा वांगी, पांढरा दोडका. लाल दोऱ्याच्या तीन पुड्या होत्या. एका दोऱ्याला एक गाठ. तो बारका टोमॅटो, घोसाने येतो, थंडीत लवकर लागतो. दुसऱ्याला दोन गाठी. तो मोठा, दिसायला राजबिंडा, चवीला निव्वळ पाणी, सूपाला चालतो. आणि तिसऱ्या दोऱ्याला तीन निरगाठी आणि शेवटी एक सुरगाठ.

तो माझ्या सासूचा, म्हणजे तुझ्या आजोबांच्या आईचा. टोमॅटोचं फूल उन्हाळ्यात टिकत नाही. त्याच्या देठाला मधोमध एक बारीक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. फार तापलं, रात्रीही गारवा नसला, की ती गाठ पिवळी पडते आणि फूल तिथूनच गळतं. झाड उभं, हिरवंगार, आणि फळ एक नाही. सासूच्या टोमॅटोची गाठ पिवळी पडत नाही. बाकी सगळ्यांच्या फुलांचा सडा पडलेला असतो तेव्हा तो फळ धरतो. ते बी तिला तिच्या आईने दिलं, आईला तिच्या आईने. प्रत्येकीने बी सांभाळलं तोवर तिची सुरगाठ. पुढे दिलं की ती ओढून घट्ट करायची, निरगाठ, आणि घेणारीने आपली सुरगाठ बांधायची. तीन निरगाठी म्हणजे सासूची आजी, सासूची आई आणि सासू. सुरगाठ माझी.

आता तुझं सांगते. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू रजा काढून आलीस. आठ दिवस मला भरवलंस, न्हाऊ घातलंस, ते मी विसरलेले नाही. डोळ्यांवर पट्टी होती. तू घरात काहीतरी खुडबुड करायचीस, काच वाजायची. मी विचारलं, "काय चाललंय गं?" तू म्हणालीस, "सरप्राइज."

पट्टी सुटली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आधी काहीतरी आवडतं बघा. मी कपाट उघडलं. आत काचेच्या बाटल्या, एकसारख्या, रांगेत, प्रत्येकीवर तुझी चिठ्ठी. तू केवढी खुशीत होतीस. "आजी, तुझ्या डब्यात टोमॅटोच्या तीन-तीन पुड्या होत्या, बी तर एकच. एका बाटलीत घातलं सगळं. आणि ते मळके दोरे फेकून दिले, काय गुंता होता."

तुझ्या भाषेत टोमॅटो एकच शब्द, म्हणून बाटली एक. टोमॅटोच्या बिया दिसायलाही एक. बाटलीत गेल्यावर त्यांना वेगळं करायला मी तर सोड, तुझ्या लायब्ररीतली चाळीस हजार पुस्तकंही बसली असती तरी जमलं नसतं.

मी काय म्हटलं? म्हटलं, "चकचकीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू वही घेऊन बसलीस. पहिल्या पानावर मोठा अ काढलेला. म्हणालीस, आता नीट दिसतंय, रोज एक अक्षर. मी ती वही उचलली आणि तुझ्यादेखत लंगड्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. तू म्हणालीस, "तुला शिकायचंच नाही. तुला आंधळंच राहायचंय." मी म्हणाले, "डोळे आत्ताच उघडले, आणि उघडल्यावर जे दिसलं ते काही बरं नाही."

मी बाटल्यांबद्दल बोलत होते, पोरी. तुला वाटलं तुझ्या तोंडाबद्दल. संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

मी तेव्हाच का नाही सांगितलं म्हणशील. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "अगं, मग लिहून ठेवायचंस ना." आणि मला तोंड दाबून बसावं लागलं असतं. कारण मी लिहूनच ठेवलं होतं.

तर आता कळलं असेल मला ऊन का हवंय. बाटलीतलं सगळं पेरलंय. चिठ्ठी वाचून जे कळत नाही ते ऊन वाचेल. ज्या झाडाचं फूल टिकेल ते सासूचं. टिकलं नाही तर त्या शंभर बियांत तिची एकही उगवली नाही असं समजायचं, आणि बाटलीत आता दुसरं बी नाही.

एक्केचाळीसपैकी एकोणीस झाडं राहिलीत. आज सकाळी गच्ची पिवळ्या फुलांनी भरली होती. झाडून पाटीभर निघाली.

आजी


२३ मे

टिपकागद,

तुझं पत्र आलं. यावेळी दोन पानं. दोऱ्यांबद्दल अवाक्षर नाही, आणि दोन पानं फक्त मला धमकावलंय. मी गच्चीवर जायचं बंद केलं नाही तर तू इमारतीच्या चिटणिसाला सांगून सगळे डबे खाली उतरवशील म्हणे. उतरवून बघ. गाठ माझ्याशी आहे.

आणि मी चक्कर येऊन पडले हे तुला कुणी कळवलं? मी पडले नव्हते. बसले होते. जरा आडवी बसले होते.

(मावशी पाणी प्यायला आत गेल्यात तेवढ्यात लिहितो. बारीक अक्षरात लिहितोय, म्हणजे त्यांना पान भरल्याचा संशय येणार नाही. फोनवर अर्धंच सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी नऊला टाकीपाशी पडल्या. मी वर गेलो नसतो तर तशाच राहिल्या असत्या. डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडलं. झाडांना पाजलं आणि स्वतः प्यायल्या नाहीत. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "पाय काढ, रोप आहे तिथे." मी आता पहाटे बादल्या वाहतो. आपण काळजी करू नये, पण करावी. आपला, पेंटर.)

कुठे होते मी? हां. टाकीपाशी.

नऊ झाडं उरलीत. आठ उघडी बोडकी, फुलं येतात आणि तिसऱ्या दिवशी खाली. मी रोज सकाळी एकेका फुलाच्या देठाची गाठ बघते. नवीन डोळे त्या कामाला लागलेत, तेव्हा तुझी सेवा काही वाया गेली नाही. गेल्या रविवारी मला वाटलं की संपलं. पेंटरला म्हटलं, बाटलीवरची चिठ्ठी काढून टाक, आता ती खोटी आहे. तो नखाने चिठ्ठी खरवडत बसला.

मग सोमवारी टाकीच्या मागे गेले. तिथे सिमेंटची भिंत दिवसभर तापते, सगळ्या गच्चीतली सगळ्यांत वाईट जागा. लावणीच्या वेळी जे रोप सगळ्यांत किरटं होतं, जगणारच नाही असं, ते मी तिकडे फुटक्या डब्यात टाकलं होतं. मरायचंच तर नजरेआड मरू दे, म्हणून. पाणी मात्र रोज घालत होते, न बघता, एवढी काही मी दुष्ट नाही.

त्याला पाच फुलं आली होती. दोन गळाली. तीन देठ हिरवेगार. गाठ हिरवी. मी चष्मा लावून, मग चष्मा काढून, मग पेंटरला बोलावून बघितलं. तीन देठांच्या टोकांना फूल वाळून चिकटलेलं आणि त्यामागे मिरीएवढा हिरवा मणी. एकेकाला.

मंगळवारी तेच परत बघायला उन्हात गेले होते. आडवी बसले ती तिथेच. पाय काढ म्हटलं ते त्यासाठी.

ते ऊन रेडिओच्या बाईच्या म्हणण्याप्रमाणे वीस वर्षांत पडलं नव्हतं. आणि त्या उन्हात, सिमेंटला पाठ लावून, फुटक्या डब्यात, माझ्या सासूने फळ धरलं. इमारतीतल्या प्रत्येकाला सांगून झालंय. चिटणिसाला तर जिन्यात अडवून सांगितलं. त्याला पाठवतेस ना डबे उतरवायला, तो काल पाणी घालायला कधी येऊ विचारत होता.

आजी


४ जून

टिपकागद,

पाकीट उघडलं तेव्हा पेंटर म्हणाला, "मावशी, यात पत्र थोडं आणि बाकी काहीतरी आहे." मी हात पुढे केला. त्याने माझ्या तळव्यावर लाल दोरा ठेवला.

मी मूठ मिटली.

मग त्याने वाचलं. तू लिहिलंस की दोरे टाकताना एक तुझ्या पर्समध्ये राहिला, तीन वर्षं पुस्तकात खूण म्हणून वापरलास, पानाचा कोपरा दुमडलेला तुला खपत नाही म्हणून. आणि हा दोरा म्हणजे कुणाचं तरी लिखाण आहे हे तुला कळलं नाही. लायब्ररीत आयुष्य काढून एक ओळ वाचता आली नाही, असं लिहिलंस. हे वाक्य पेंटरने मी न सांगताच दुसऱ्यांदा वाचलं.

रडलीस का लिहिताना? कागद एका जागी फुगलाय. अगदी टिपकागद.

आता ऐक. तू पाठवलास त्या दोऱ्याला दोन गाठी आहेत. दोन गाठी म्हणजे कुठला, आठव. तो पाणचट, सूपाचा. तीन दोऱ्यांतून तुझ्या हाताला नेमका तोच लागला. तीन वर्षं तू पुस्तकात पाणचट टोमॅटो घालून ठेवलास. मी एवढी हसले की चिटणीस वर आला.

म्हणजे फक्त तूच चुकलीस असं समजू नकोस. ती वही मी टेबलाखालून दुसऱ्याच दिवशी काढली होती. लिहायला नाही, उगाच आशा धरू नकोस. कागद जाड होता, पुड्यांना छान. तीन वर्षांत वांग्याचं, दोडक्याचं जे बी धरलं ते तुझ्या पानांत बांधलंय. अ मध्ये वांगी आहेत.

परवा रोपवाटिकेतला माणूस आला होता. त्याच्याकडे हिरव्या जाळीखाली चारशे झाडं, पंखे, फवारे, आणि फळ एकालाही नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून बघायला आला. टाकीमागे उकिडवा बसला, देठ बघितला, पान चुरगळून वास घेतला आणि टोपी काढली. म्हणाला, "आजी, थोडं बी द्याल का?"

मी विचारलं, "वाचता येतं का?"

म्हणाला, "येतं की."

"मग नाही."

फळं आता लिंबाएवढी झालीत. पक्ष्यांची नजर आहे, म्हणून तुझ्या शाळेचे पायमोजे चढवलेत, पांढरे, निळ्या पट्टीचे. अंगठ्याला भोकं आहेत, तिथून वारा लागतो. पोरी, तुझा एकही मोजा कधी सबंध नव्हता.

आजी


१७ जून

टिपकागद,

पहिला पिकला. वरचे खांदे शेवटपर्यंत हिरवट राहिले, खाली मध्यभागी चूण, दात नसलेल्या तोंडासारखी. माझ्या सासूच्या ताटलीत असायचा अगदी तसा. पण दिसण्यावर जाणारी मी नाही. चाकू मागवला.

अर्धा मी खाल्ला, उभ्या उभ्या, गच्चीत. आधी आंबट, जबडा आवळतो असा. मग थांबायचं. मग मागून गोडी येते, सावकाश, कुणी जिना चढून येतंय तशी. तोच आहे. कुणाला विचारायची गरज नाही, कुणाच्या कागदाची गरज नाही. मी ओळखला.

उरलेल्या अर्ध्यातली एक फोड पेंटरला दिली.

"आंबट आहे, मावशी."

"थांब."

थांबला. मग म्हणाला, "याची पाटी मी करणार." मी म्हटलं, कर, पण टोमॅटो लिहू नकोस. तो आठवडाभर विचार करतोय काय लिहावं याचा. अजून कोरीच आहे. मला वाटतं बरोबर आहे तीच पाटी.

बी काढलं. भोवतीचा बुळबुळीत गर पेल्यात तीन दिवस आंबवला, वर साय धरली, मग धुऊन काचेच्या बशीत पसरलं. एकशे चौदा भरलं. दोन वेळा मोजलं, मोजायला अक्षरं लागत नाहीत. दुसरं फळही बियांसाठीच ठेवलंय. सोबतच्या पुडीत सत्तावन्न आहेत. ती तुझी.

पुडीचा कागद तुझ्याच वहीचा. आणि दोरा तू पाठवलास तोच. त्याला दोन गाठी होत्याच. त्या आता सासूची आजी आणि सासूची आई. त्या दोघींना मी पाहिलेलं नाही, तेव्हा पाणचट टोमॅटोच्या गाठीत बसवलं तरी मला काही म्हणायच्या नाहीत. तिसरी मी नवीन मारली, सासूची. चौथी माझी. तीन उन्हाळे मला वाटत होतं की माझी गाठ कधी घट्ट होणारच नाही, कारण ती मारायला दोरा नाही आणि घ्यायला कुणी नाही. परवा ओढली. करकचून बसली. पेंटर म्हणाला, "हात अजून जोरकस आहेत, मावशी." मी म्हटलं, त्यांनी एवढं ऊन खाल्लंय.

पुढे दोरा मोकळा सोडलाय, चार बोटं. तिथे सुरगाठ तुझी. ती तुला येते. निरगाठ तुला कधी जमली नाही, बुटांच्या नाड्या सारख्या सुटायच्या आणि मी शाळेच्या फाटकात गुडघ्यावर बसून बांधायची. सुरगाठ पुरे. घट्ट करायची वेळ येईल तोवर शिकशील.

पुडी हवं तर त्या चाळीस हजारांत ठेव, एखाद्या कपाटात, गार जागी. कुणी नेलीच तर नाव लिहून घे. चिठ्ठी लावू नकोस.

तिसरं फळ झाडावरच आहे, मोज्यात. खांदे अजून हिरवे, सावकाश पिकतंय. आठ दिवस धरेल, फार तर दहा. कुणासाठी ठेवलंय ते मी सांगणार नाही, पेंटरलाही सांगितलेलं नाही, म्हणून त्याने मोज्यावर नाव लिहिलंय. पाच अक्षरं आहेत म्हणतो. टि-प-का-ग-द.

आणि आता कामाचं. तुझ्या लायब्ररीच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतली ती जाड, कडक बिस्किटं पाठव, ज्यांनी तुझा दुधाचा दात पडला होता. टोमॅटोची फोड त्यावर ठेवून खायची आहे. खारी नकोत, मीठ मी लावते. डब्यावर काय आहे ते लिहू नकोस. लाल दोरा बांध. स्वतः घेऊन आलीस तर दोराही नको, गाठ पडेलच. पण टपालाने पाठवलास तर सुरगाठ मार, सोडवायला मला नखं राहिलेली नाहीत. आणि बिस्किटं दोन डबे पाठव, पेंटर एक उभ्याने संपवतो.

आजी